ग्रहणाला दिलेले फोटो

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "कदमसाहेब, तुमच्या कामातलं काहीतरी लिहा, जरा गमतीचं." सरकारी दवाखान्यातल्या एक्स-रे टेक्निशियनला साहेब म्हणणारे ते पहिलेच, म्हणून हो म्हणून बसलो. गमतीचं थोडं आहे, ते आधी सांगून टाकतो. उरलेलं गमतीचं नाही.

पनवेलमधल्या एका सरकारी दवाखान्यात मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. एक्स-रेची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली, शवागाराकडे जाणाऱ्या बोळात. आमचा धंदा साधा आहे. माणसाला गार पत्र्याला छाती लावून उभं करायचं, हात कमरेवर, कोपरं पुढे, हनुवटी वर. "श्वास घ्या, धरा" म्हणत आपण भिंतीआड पळायचं आणि बटण दाबायचं. लोक त्याला फोटोच म्हणतात, मीही तेच म्हणतो. सुकापूरचा एक गृहस्थ यायचा. जमीन विकून नुकताच मोठा झालेला, गळ्यात बोटाएवढी जाड साखळी. काढा म्हटलं तर म्हणाला, "नाय काडनार. दिसू दे फोटोत." दिसली. फुप्फुसांवर साखळी अशी स्पष्ट उमटली की डॉक्टरांना मागचं काही दिसेना. त्याला मात्र फोटो इतका आवडला की फ्रेम करायला आणखी एक प्रत मागायला आला. एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं होतं, "यात बिडी दिसते का हो? सुनेला दाखवणार आहेत." दिसत नाही म्हटल्यावर त्याने माझ्यासमोरच खिशातून बिडी काढली.

आता गंमत संपली.

त्या काळात आमच्याकडे कॉम्प्युटरवर फोटो येत नसत. फिल्म असायची आणि ती डार्करूममध्ये धुवावी लागायची. दार घट्ट लावायचं, लाल दिवा लावायचा, फिल्म चिमट्याच्या चौकटीत अडकवून औषधाच्या टाकीत बुडवायची. दोनेक मिनिटांत बरगड्या वर यायला लागतात, मग हृदय, मग फुप्फुसं. फुप्फुसं काळी दिसतात, कारण आत हवा असते. त्या काळ्यात कुठे पांढुरकं काही असलं की समजायचं, काहीतरी आहे. म्हणजे माणसाच्या छातीतला रोग सगळ्यात आधी मला दिसायचा, त्याला नाही, त्याच्या बायकोला नाही, डॉक्टरलाही नाही. आणि बाहेर आल्यावर मला एक अक्षर बोलायची परवानगी नव्हती. टेक्निशियनने फोटो काढायचा, तो वाचायचा नाही, हा नियम. तो बरोबरच आहे. पण बाकावर बसलेला माणूस तुमच्या हातातल्या फिल्मकडे बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो. मी तोंडावर काही न दाखवायला शिकलो. एवढी एकच कला मला नोकरीने शिकवली, आणि पुढे मी तिचा काय उपयोग केला तेच सांगायचं आहे.

यमुनाबाई पहिल्यांदा आली तेव्हा साधा खोकला-ताप होता. गव्हाणची कोळीण, पन्नाशीच्या आत-बाहेर, पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यावा. डोक्यावरची पाटी माझ्या दारात उतरवली तेव्हा अख्ख्या बोळाला बोंबलाचा वास सुटला आणि आमची सिस्टर नाकाला पदर लावून निघून गेली. मी फोटो काढला, डॉक्टरांनी तो ओलाच खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, काही नाही, गोळ्या घ्या. फोटो वाळला, मी पाकिटात घालून तिला द्यायला लागलो.

"मी काय करू त्याचा?" ती म्हणाली. "पाटीत ठेवला तं भिजल. घरी नेला तं दर्याच्या वाऱ्यानं भिजल. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या ना दादा."

नियमाने फोटो पेशंटचा. पण न नेलेले फोटो आमच्याकडे पडून असायचेच, त्यांचं एक लोखंडी कपाट होतं. मी म्हणालो, "राहू द्या यमुनाबाई. माझ्याकडे आहे समजा. लागेल तेव्हा मागा."

त्यानंतर मी बाजारात कधी दिसलो की ती एखादं पापलेट हाताने निवडून द्यायची. भाव कमी करायची नाही, पण मासा ताजा द्यायची. दोन वर्षं अशी गेली.

मग त्या जानेवारीत सूर्यग्रहण आलं. भरदिवसा दिसणार होतं, वर्तमानपत्रांत रोज काहीतरी येत होतं. आणि एक्स-रेची फिल्म डोळ्यांवर धरून ग्रहण बघायची आपल्याकडे जुनी खोड. आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की असलं काही करू नका, डोळे जातील. पण ऐकतो कोण. आठवडाभर आधीपासून माझ्या दाराशी रांग. ऑफिसातले कारकून, पोलीस चौकीतला हवालदार, शेजारच्या गल्लीतली मुलं. आणि सगळ्यांना छातीचाच फोटो हवा, कारण त्यात काळं जास्त. नेऱ्याच्या शाळेतले एक गुरुजी आले, साधे, नम्र, हातात कापडी पिशवी. म्हणाले, "माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत, कदम. बिचाऱ्यांना कोण काय दाखवणार?"

मला तेव्हा काय झालं ते खरं सांगतो. मला फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत माझ्या खोलीत हसत आलेलं कुणी मला आठवत नव्हतं. लोक येत ते खोकत, कण्हत, नाहीतर तोंडाकडे बघत. आता अचानक मी गावात महत्त्वाचा माणूस झालो होतो. मी कपाट उघडलं आणि दोन वर्षांपूर्वीच्या छातीच्या फोटोंचा एक गठ्ठा दोरीसकट गुरुजींच्या पिशवीत टाकला. नावं वाचली नाहीत. दोन वर्षांत कुणी विचारलं नाही, म्हणजे कुणाला नको, एवढाच विचार केला.

ग्रहणाच्या दिवशी मी स्वतःही दवाखान्याच्या गच्चीवर गेलो. कुणाच्या तरी बरगड्यांमधून अर्धा खाल्लेला सूर्य बघितला. सगळे टाळ्या वाजवत होते.

शिमगा झाला आणि यमुनाबाई खोकत आली. महिनाभर खोकला जात नव्हता, एकदा थुंकीत रक्त दिसलं होतं. बरोबर मुलगी होती, रंजना, उलव्याकडे दिलेली. मी फोटो काढला आणि डार्करूममध्ये गेलो. उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला, सुपारीएवढी एक गोल सावली वर आली. कडा गुळगुळीत नव्हत्या, काटे फुटल्यासारख्या होत्या. अशा कडा मी पाहिलेल्या होत्या. मी फिल्म टाकीत नीट धुतली, नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतली, आणि बाहेर येऊन म्हणालो, "बुधवारी या. मॅडम बघतील."

मॅडम म्हणजे आमच्या रेडिओलॉजिस्ट, फोटो वाचणाऱ्या डॉक्टर. जिल्ह्याहून दर बुधवारी यायच्या, दिवसभरात आठवड्याचे सगळे फोटो वाचून जायच्या. कडक पण सरळ बाई. त्यांनी यमुनाबाईचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "याआधी कधी छातीचा फोटो काढला होता?"

"हितंच काडलेला," यमुनाबाई म्हणाली. "या दादांनीच. दोन वरसं झाली. त्यांच्याकडंच हाय."

मॅडमनी मग त्या दोघींना समजावून सांगितलं, आणि ते मी तुम्हालाही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. छातीतली अशी गाठ दोन वर्षांपूर्वीही असेल आणि तेवढीच असेल, तर बहुतेक ती जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीची खूण असते. तिला हात लावायचं कारण नाही. पण ती नवी असेल, किंवा वाढली असेल, तर कॅन्सर धरूनच चालावं लागतं. मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जाऊन सीटी स्कॅन, सुईने तुकडा काढणं, सगळं ताबडतोब. आमच्याकडे सीटीचं मशीन नव्हतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ओल्या फोटोवर 'काही नाही' म्हटलं होतं, पण लहान खूण तशी नजरेतून सुटू शकते, तेव्हा सगळा निकाल त्या जुन्या फोटोवर होता.

यमुनाबाईचा चेहरा खुलला. मुंबईला जायचं तिच्या जिवावर आलं होतं. बाजारातली जागा आठ दिवस रिकामी राहिली तर दुसरी कुणी बसते, हे तिला पक्कं माहीत. "मंग काडा ना तो फोटो, दादा," ती म्हणाली. "त्यात असंल तं मना सोडतील."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "आहे ना, कदम?"

आणि मी म्हणालो, "आहे, मॅडम. कपाटात आहे. शोधून ठेवतो."

एका क्षणात म्हणालो. चेहऱ्यावर काहीही दिसलं नाही. ती कला मला येतच होती.

त्या संध्याकाळी मी कपाट रिकामं केलं. गठ्ठा नव्हता हे मला माहीत होतं, तरी केलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून नेऱ्याला गेलो. गुरुजींनी मला बसवलं, चहा सांगितला, ग्रहणाचं कौतुक सांगितलं. "मुलांनी फार एन्जॉय केलं हो." फिल्म कात्रीने कापून एकेकाला दोन-दोन तुकडे दिले होते. काही परत आले होते, ते त्यांनी बुटाच्या खोक्यात ठेवले होते. मी तिथेच व्हरांड्यात बसून ते खोकं उपसलं. खांदे, हृदयाचे कोपरे, पोटाच्या वरचा भाग, कुणाकुणाच्या बरगड्या. प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात आम्ही शिशाचा नंबर उमटवतो. एका तुकड्यावर नंबर सापडला, तो दुसऱ्याच कुणाचा होता. चार पोरांच्या घरी जाऊन आलो. एकाने तुकड्याचा भोवरा केला होता, एकाच्या आईने चुलीत घातला होता. यमुनाबाईचं उजवं फुप्फुस कुठेच नव्हतं.

इथवर ती चूक होती. चूक माणसाच्या हातून होते, मी स्वतःला ती कदाचित माफ केली असती. यानंतर मी जे केलं ती चूक नव्हे.

पुढच्या बुधवारी मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, "शोधतोय, मॅडम. गठ्ठे बांधून ठेवलेत, वेळ लागतोय." थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला नाही. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तोवर साध्या खोकल्याच्या गोळ्या चालू ठेवल्या. यमुनाबाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सुकी मासली घालायचे दिस हायेत. सारखी कशी येऊ? फोटो गावला का रंजनाला फोन करा. मी लगेच येतंय." रंजनाचा मोबाईल नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात ठेवली.

त्यानंतरच्या बुधवारी पुन्हा "शोधतोय". मग मॅडमना ट्रेनिंगला पाठवलं, दोन बुधवार त्या आल्याच नाहीत. त्या परतल्यावर मी काही बोललो नाही आणि इतके पेशंट होते की त्याही विचारायच्या राहिल्या. यमुनाबाई गव्हाणला उन्हात मासळी उलटीपालटी करत माझ्या निरोपाची वाट बघत होती, आणि माझ्याकडे द्यायला निरोपच नव्हता. खरं म्हणजे होता. "फोटो माझ्या हातून गेला, तुम्ही वाट बघू नका, उद्याच्या उद्या या," एवढाच. रोज सकाळी शर्ट बदलताना ती चिठ्ठी या खिशातून त्या खिशात टाकायचो. नोकरी जाईल अशी भीती नव्हती, रद्दीत जाणाऱ्या फिल्मसाठी कुणाची नोकरी जात नाही. मला फक्त लाज वाटत होती. मॅडमसमोर, आणि त्याहून जास्त तिच्यासमोर. "माझ्याकडे आहे समजा" हे मी म्हणालो होतो.

सात आठवड्यांनी, मे महिन्यात, ती स्वतःच आली. बोळाच्या तोंडाशी उभी राहून तिने मला हाक मारली आणि मला ती ऐकू आली नाही. आवाज बसला होता. खुणेने गळा दाखवत ती घोगऱ्या कुजबुजीत म्हणाली, "गेला बगा आवाज. गिऱ्हाईकाला हाक कशी मारू?" सात आठवड्यांत तिचं ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागलं होतं. मी पुन्हा फोटो काढला. सावली सुपारीएवढी राहिली नव्हती आणि खाली पाणी भरलं होतं. त्या दिवशी डार्करूममधून बाहेर यायला मला फार वेळ लागला. बाहेरून सिस्टर दार वाजवत होती.

योगायोगाने तो बुधवारच होता. मी दोन्ही फोटो घेऊन मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ग्रहण, गुरुजी, कपाट, चिठ्ठी. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी मुंबईची चिठ्ठी लिहिली, वर लाल शाईने 'तातडीचे' लिहिलं, शिक्का मारला. मग पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, "कदम, 'नाही' म्हणाला असतात ना, तर मी तिला त्याच दिवशी पाठवलं असतं. मी 'आहे' वर थांबले."

त्यांनी वर तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं असं मला पुढे कित्येकदा वाटलं.

मुंबईला मी त्या दोघींबरोबर गेलो. सीटीसाठी तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळत होती. तिथला टेक्निशियन माझ्याबरोबर कोर्सला होता, त्याच्या हातापाया पडून ती पाच दिवसांवर आणली. सीटीचं मशीन म्हणजे मोठ्या बांगडीतून माणसाला आत सरकवतात आणि छातीचे पावाच्या कापांसारखे पातळ पातळ फोटो काढतात. आत मशीनच हिंदीत बोलतं, साँस रोकिये. बाहेर आल्यावर यमुनाबाई रंजनाला म्हणाली, "आपले दादा सांगतान तसा नाय तो सांगत. दादा बोल्ले असते तं मी दम चांगला धरला असता."

रिपोर्ट आला. कॅन्सर फुप्फुसातून यकृतात गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी रंजनाला बाजूला घेऊन सांगितलं. मी थोडा लांब उभा होतो, तरी कळलं. मी त्यांना एकटं गाठून विचारलं, दीड-दोन महिने आधी आली असती तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित तेव्हाही उशीरच झाला असता. कदाचित नाही." तो 'कदाचित नाही' मी घरी घेऊन आलो. तो अजून माझ्याकडेच आहे.

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती, मी शेजारी, रंजना पुढच्या बाकावर झोपलेली. वाशीचा पूल गेला. मी मनाशी ठरवलं होतं की पनवेल यायच्या आत सांगायचं.

"यमुनाबाई," मी म्हणालो, "तो जुना फोटो..."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. मासळी साफ करून करून बोटं चिरलेली होती. "नाय गावला ना? जाऊ दे," ती कुजबुजली. "किती शोधलाव तुमी माज्यासाठी. रंजना बोलते, रक्ताचा भाऊ पन एवडा करत नाय."

पनवेलच्या स्टँडवर त्या दोघी गव्हाणला जायला उरणच्या गाडीत बसल्या आणि मी घरी गेलो.

नारळी पुनवेच्या आधी ती गेली. मी गव्हाणला गेलो होतो, पण अंगणात लोकांच्या मागेच उभा राहिलो. आमच्या दवाखान्यात नंतर मी एक वही घातली: कुठलीही फिल्म कपाटाबाहेर गेली की तारीख आणि सही. सगळे म्हणायचे, कदम फार व्यवस्थित माणूस आहे. पुढे कॉम्प्युटरवर फोटो यायला लागले, डार्करूम बंद झाली, तिथे आता झाडू आणि फिनेल ठेवतात.

त्याच वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी रंजना माझ्या खोलीत आली होती. हातात प्लास्टिकची मोठी पिशवी, आत मुंबईचे सगळे फोटो, सीटीच्या मोठ्या फिल्म, रिपोर्ट. मला वाटलं काही दाखला हवा असेल.

"नाय, दाखला नाय," ती म्हणाली. "आय जाताना सांगून गेली. बोल्ली, ह्ये सगले दादांकडं ने. घरी ठेवलेस तं भिजतील, त्यांच्याकडं नीट ऱ्हातील."

मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. ती समोर उभी होती, बोळात कुणी नव्हतं. मी हात पुढे केला आणि पिशवी घेतली. ती म्हणाली, "येते दादा," आणि गेली.

निवृत्त होताना मी खोलीतली प्रत्येक वस्तू यादी करून नव्या माणसाच्या ताब्यात दिली. ती पिशवी त्या यादीत नव्हती. ती माझ्या घरी, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात आहे. दर पावसाळा संपला की मी एकेक फिल्म बाहेर काढतो, मऊ फडक्याने पुसतो, मध्ये कोरा कागद घालतो आणि पुन्हा ठेवतो. इतकी वर्षं झाली, त्यातला एकही फोटो भिजलेला नाही.